भाडं 14 हजार, हप्ता 26 हजार

काकू, नमस्कार. मी मूळचा तासगावचा, वय 36. बायको आणि मी दोघंही पुण्यात नोकरीला. सांगलीत शंभर फुटी रोडच्या आतल्या बाजूला दोन गुंठ्यांत एक बैठा बंगला विकायला आहे, टू बीएचके, 2009 चं बांधकाम, किंमत 58 लाख. घ्यायचा, भाड्यानं द्यायचा आणि पंधरावीस वर्षं हात लावायचा नाही असा विचार आहे. आमच्याकडं सगळं मिळून 34 लाख आहेत, 30 लाख लोन काढू. एजंट म्हणतोय 18-20 हजार भाडं कुठं गेलं नाही, भाड्यातनंच हप्ता निघेल आणि घर फुकटात तुमचं. शेजारच्या तसल्याच घराला मात्र 14 हजार भाडं आहे असं कळलं. जागा गुंठेवारीची आहे पण सगळं क्लिअर आहे म्हणतात. पाच लाख रोखीत मागतायत. बाबा तासगावात असतात, ते घराकडं बघतील. एजंट टोकनसाठी रोज फोन करतोय. घेऊ का?
– पुण्यातला तासगावकर

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा चहा घेता घेता वाचलं तेव्हा वाटलं चांगलं आहे की, पोरगा गावाकडं काहीतरी करून ठेवतोय. दुसऱ्यांदा वही-पेन घेऊन वाचलं आणि म्हणलं याला आधी थांबवायला पाहिजे. माझी स्वतःची दोन बैठी घरं आहेत भाड्यानं दिलेली, एक गावभागात आणि एक विश्रामबागेत, पंचवीस वर्षं हेच करत आलेय, म्हणून जे सांगते ते अनुभवाचं आहे, पुस्तकातलं नाही.

आधी ते "भाड्यातनं हप्ता निघेल" बघू. हे वाक्य प्रत्येक एजंटाला पाठ असतं आणि त्यातला एकही जण हप्ता भरायला येत नाही. किंमत 58 लाख. महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी सहा टक्के धरून चाल, म्हणजे साडेतीन लाखाला थोडे कमी. नोंदणी फी एक टक्का, पण तिला 30 हजाराची मर्यादा आहे म्हणून 30 हजार. एकट्या बायकोच्या नावावर घेतलंस तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते, दोघांच्या नावावर घेतलंस तर नाही मिळत, आणि एक टक्का म्हणजे 58 हजार होतात बरं का, त्यात पाण्याची टाकी, मोटर आणि वर बाथरूमचे नळ नवीन होतात. मग दलाली, वकिलाचा सर्च रिपोर्ट (म्हणजे मालकीचे जुने व्यवहार तपासल्याचा कागद), बँकेची प्रोसेसिंग फी, आणि 2009 चं घर आहे म्हणजे रंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाथरूमच्या फरश्या, हे सगळं धरून अजून दोन-सव्वादोन लाख कुठं जात नाहीत. झाले 64 लाख. तुझे 34 आणि बँकेचे 30, बेरीज बरोबर 64 होते आणि हातात शिल्लक काय तर शून्य. पहिल्याच महिन्यात बोअरची मोटर जळाली तर क्रेडिट कार्ड घासायचं.

आता हप्ता. 30 लाखाला साडेआठ टक्के आणि वीस वर्षं धरली तर 26 हजाराच्या आसपास बसतो. भाडं 14 हजार. मधले 12 हजार दर महिन्याला तुझ्या पगारातनं जाणार, आणि हे घर भरलेलं असताना. बाराच्या बारा महिने घर भरलेलं राहत नाही, एक भाडेकरू गेला की साफसफाई, रंगाचा एक हात, दुसरा सापडेपर्यंत एखादा महिना जातोच, म्हणून अकरा महिन्याचंच भाडं धर, एक लाख 54 हजार. घरपट्टी, विमा, किरकोळ दुरुस्त्या यांचे वर्षाला 30 हजार धर, आणि आधी चौकशी कर कारण भाड्यानं दिलेल्या घराची घरपट्टी जास्त लागू शकते. राहिले सव्वा लाखाला थोडे कमी. 64 लाखावर हे दोन टक्के पण होत नाहीत रे. नुसतं पहिल्या वर्षाचं व्याजच अडीच लाखाच्या वर जातंय. म्हणजे हप्ता सोड, भाड्यातनं व्याज पण निघत नाही, निम्मं निघतंय.

अजून एक हिशोब करून बघितला, तो तुला एजंट कधी सांगणार नाही. तुझे 34 लाख एफडीला टाकले आणि सात टक्के धरले तर वर्षाला दोन लाख 38 हजार मिळतात, घर घेतलंस की ते बंद. वर व्याज अडीच लाख जाणार. त्यातनं भाड्याचे सव्वा लाख वजा केले तरी साडेतीन लाखाच्या पुढंच खड्डा राहतोय, पहिल्या वर्षाचा. म्हणजे 58 लाखाचं घर वर्षाला सहा टक्क्याच्या वर वाढलं तर तू जिथं आहेस तिथंच राहणार, नफा त्याच्या पुढं सुरू. पुढं भाडं वाढेल, व्याज कमी होईल, खड्डा हळूहळू बुजेल हे खरं आहे. पण सहा टक्क्यानं पैसे दुप्पट व्हायला बारा वर्षं लागतात, म्हणजे बारा वर्षांनी तुझं घर एक कोटी सोळा लाखाला गेलं तर बरोबरी. जाईल का? जाईल पण, कोण सांगावं. पण मग तू भाड्यासाठी घर घेत नाहीयेस, जागेचा भाव वाढेल यावर पैसे लावतोयस, आणि भाडेकरू म्हणजे त्या जागेचा राखणदार, उलट तोच तुला पैसे देणारा. तसं बघितलं तर वाईट सौदा नाही, फक्त काय घेतोय ते घेणाऱ्याला माहिती पाहिजे.

आणि जागाच घेतोयस म्हणल्यावर मग घरापेक्षा जागेकडं बघ. घर म्हातारं होतं, तुझ्या हप्त्याची वीस वर्षं संपतील तेव्हा ते पस्तिशी ओलांडून गेलेलं असेल, भाव येणार तो दोन गुंठ्यांचा. आता तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलेलं वाक्य सांगते, "गुंठेवारीची आहे पण सगळं क्लिअर आहे." अरे गुंठेवारी म्हणजेच क्लिअर नव्हतं म्हणून नाव पडलेलं. शेतजमिनीचा लेआउट मंजूर न करता एक-एक दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले, तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून होता तरी विकले, आपल्या सांगली-मिरज-कुपवाडात तर वस्त्याच्या वस्त्या अशा उभ्या राहिल्या. मग 2001 ला सरकारनं गुंठेवारी नियमित करायचा कायदा आणला, आणि पुढं 2021 ला मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. आता तुझं घर बघ, बांधकाम 2009. जुन्या मुदतीत बसत नव्हतं, नव्या मुदतीत बसतं. पण बसतं म्हणजे आपोआप नियमित झालं असं होत नाही. मालकानं अर्ज केला का, नकाशा दिला का, शुल्क भरलं का, आणि महापालिकेचं प्रमाणपत्र हातात आहे का? बऱ्याच वेळा होतं काय की प्लॉट नियमित केल्याचा जुना कागद असतो, तोच फाइलमध्ये वर लावून ठेवतात, आणि त्यावर नंतर बांधलेल्या घराला परवानगीच नसते. कागद खरा असतो, पण तो घराचा नसतो. तेवढं वाचून बघ.

सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, जे असेल ते काढ. सात-बाऱ्यावर वीस नावं असतील आणि त्यात तुझ्या विकणाऱ्याचं एक, दोन गुंठे सामायिक, तर कुठले दोन गुंठे ते कोण दाखवणार. वकील तुझा तू शोध, एजंटानं आणलेला नको, आणि तीस वर्षांचा सर्च घ्यायला सांग. शिवाय लोन काढतोयस ते एका अर्थी बरंय, बँकेचा वकील पण कागद बघतो. त्यानं नाही म्हणलं तर "दुसऱ्या बँकेतनं करून देतो" असं एजंट म्हणेल, तेव्हा उठून यायचं. माझ्या ओळखीतला एकजण नाही उठून आला, त्यानं पतसंस्थेतनं जास्त व्याजानं कर्ज काढलं, घर घेतलं, आणि आता विकायला काढलंय तर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची बँक तेच म्हणते जे त्याची म्हणली होती.

आता पाणी. तू तासगावचा, तुला कृष्णेचं पाणी बातम्यात दिसतं, आम्हाला दारात दिसतं. 2005, 2019, 2021 ही तीन सालं सांगलीत कुणालाही नुसती म्हणून दाखव, तो बोलायच्या आधी हातानं भिंतीवर उंची दाखवतो. पावसाळ्यात इथं लोक एकमेकाला दोनच प्रश्न विचारतात, कोयनेतनं किती सोडलं आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट. चाळीस फुटाला इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं.

तेव्हा माझ्या गावभागातल्या घरात एक शिक्षक जोडपं भाड्यानं होतं. त्यांनी फ्रिज पलंगावर चढवला, सर्टिफिकेटं पिठाच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवली आणि नेसत्या कपड्यानिशी बहिणीकडं गेले. पाणी ओसरल्यावर मी आणि ती बाई दोघींनी मिळून घर उघडलं. फ्रिज पलंगावर नव्हता, दारामागं आडवा झालेला, म्हणून दारच उघडेना. चिखल आधी फावड्यानं काढला, मग कोपऱ्यातला ताटानं खरवडला, फावडं कोपऱ्यात जात नव्हतं. प्लायवुडची कपाटं फुगून दारं गच्च बसलेली, ती पहारीनं फोडली आणि आतली तिची लग्नातली पैठणी बाहेर काढली तेव्हा ती काही बोलली नाही, मी पण नाही बोलले. दोन महिने भाडं घेतलं नाही, कुठल्या तोंडानं मागणार. गिलावा खरवडून परत केला, वायरिंग सगळं नवीन, दोनदा रंग दिला. तरी अजून दर पावसाळ्यात कमरेच्या वर चार बोटं रंगाचे पोपडे सुटतात, सरळ रेषेत, पट्टीनं आखल्यासारखे. नवीन भाडेकरू आला की मी त्याला आधी ती रेघ दाखवते आणि मग भाडं सांगते.

म्हणून तू घर बघायला जाशील तेव्हा मालकानं लावलेली उदबत्ती आणि नवीन पडदे बघू नको. प्लगचे पॉइंट बघ. बैठ्या घरात सगळे पॉइंट छातीएवढ्या उंचीवर सरकवलेले असतील तर ते कुणी हौसेनं सरकवत नाही. हॉलमध्ये भिंतीला चार फुटांपर्यंत फरशी बसवलेली असेल तर ती डिझाईन नसते. दाराच्या लाकडी चौकटीचा खालचा वीतभर भाग दाबून बघ, नख रुततंय का. भिंतीतल्या कपाटात डोकं घालून वास घे, लाजू नको. आणि शेजारी विचार, पण मालकाच्या मित्राला नको, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचार, किराणावाल्याला विचार, त्याचं पोतं न् पोतं भिजलेलं असतं त्यामुळं त्याला सगळं आठवतं. एका गल्लीत गुडघाभर पाणी आणि पुढची गल्ली कोरडी असं पण झालेलं आहे, त्यामुळं "या एरियात पाणी येत नाही" या वाक्याला अर्थ नाही, या दारात आलं का ते विचार. नदीचं नाही आलं तरी पावसाचं तुंबतं का ते वेगळं विचार, शामरावनगरकडच्या लोकांना विचारून बघ, पूर नसला तरी नुसत्या पावसानं काय होतं ते.

महापालिकेच्या नगररचनेत जाऊन पूररेषेचा नकाशा बघ. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतनं एकदा येणाऱ्याची, असा हिशोब असतो, आता सोळा वर्षांत तीनदा आला तर नकाशाला काय म्हणायचं ते तू ठरव. पण निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला बंदीच समज आणि दोन्हीच्या मधे असलास तर अटी लागतात, म्हणजे उद्या वर एक मजला चढवून दुसरं भाडं सुरू करावं म्हणलास तर तिथंच अडकणार. आणि जे काही घेशील त्याचा घराचा विमा काढ, भारत गृह रक्षा म्हणून 2021 पासून पॉलिसी सुरू झालीय त्यात पूर धरलेला असतो आणि घर राहण्यालायक नसेल त्या काळाचं बुडालेलं भाडं पण काही मर्यादेपर्यंत मिळतं. मला हे 2019 ला असतं तर, असो.

अजून एक, आपल्याकडं बऱ्याच भागात काळी माती. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं. पाया खोल नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरकी भेग जाते. सरळ उभी बारीक भेग गिलाव्याची असते, तिला घाबरू नको. तिरकी आणि नाणं बसेल एवढी असेल तर इंजिनिअरला दोन-चार हजार देऊन दाखवून घे, दलालीत दोन-चार हजारानं काही फरक पडत नाही तुला.

भाडेकरूचं म्हणशील तर सांगलीत भाडेकरू मिळतात, त्याची काळजी नाही. मिरजेला मेडिकल कॉलेज, दवाखाने, इकडं विश्रामबागेत वालचंद आणि विलिंग्डन कॉलेज, कुपवाडला एमआयडीसी. पोरांना ठेवलंस तर डोक्यामागं भाडं मिळतं, आकडा जास्त दिसतो, पण वर्षाअखेर बाथरूमचं दार आणि शेजाऱ्यांचे फोन त्यात धरायचे. माझं मत विचारशील तर बदलीवाला बघ. बँकेतला, कोर्टातला, कुठल्यातरी सरकारी खात्यातला, दोन-तीन वर्षांसाठी आलेला. भाडं एखाद हजार कमी दिलं तरी चालेल, तो एक तारखेला देतो, आणि त्याला जायचं असतं हे त्यालाही माहीत असतं आणि आपल्यालाही.

करार रजिस्टरच करायचा. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केलं की झालं असं इथं अजून निम्मी सांगली समजते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, त्यात करार लेखी आणि नोंदवलेला पाहिजे असं स्पष्ट आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्याचा असला तरी. नोंदवला नाहीस आणि भांडण झालं तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, आणि तुला दंड किंवा कैद होऊ शकते ते वेगळंच. खर्च काय, स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. घरबसल्या ऑनलाइन होतो, बोटाचे ठसे घ्यायला माणूस घरी येतो. साठ महिन्यांपर्यंत करता येतो, अकराच महिने असा काही नियम नाही, पण अकरा महिने ठेवलेस तर दर वर्षी भाडं बोलता येतं. मुदत संपून पण निघाला नाही तर नोंदवलेल्या लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे याच करारावर, सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं आणि त्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं, हे भाडेकरूला पण माहीत असतं, म्हणून तो निघतो. लाइट बिलाचं कलम घाल, महिन्याच्या महिन्याला त्यानं भरायचं आणि पावतीचा फोटो पाठवायचा. पोलिसांना भाडेकरूची माहिती दे. डिपॉझिट मिळेल ते वेगळ्या खात्यात ठेव, ते आपलं नसतं, परत द्यायचं असतं, हे मी स्वतः एकदा विसरले होते आणि मग परत द्यायच्या वेळी भिशी मोडली.

आता बाबा बघतील ते. त्यांचं वय तू लिहिलं नाहीस पण तू 36 चा म्हणजे ते साठीच्या पुढं असणार. रविवारी सकाळी भाडेकरूचा फोन येतो, ड्रेनेज तुंबलंय, घरात पाहुणे आहेत. तुझ्या बाबांनी तासगावातनं एसटी धरायची, सांगलीत प्लंबर शोधायचा, रविवारी प्लंबर गावाला गेलेला असतो, मग त्याच्या मेहुण्याला बोलवायचं, तो चेंबर उघडणार आणि म्हणणार "हे कुणी केलंय काम?", प्रत्येक प्लंबर हेच म्हणतो. मी विश्रामबागेतल्या घरापासून चालत दहा मिनिटांवर राहते तरी मला वर्षातनं वीसेक चकरा होतात. फ्लॅटमध्ये सोसायटी असते, निम्मी डोकेदुखी तिची. बैठ्या घरात टाकी तुझी, गच्ची तुझी, कंपाउंडची भिंत तुझी, दारातला आंबा तुझा आणि त्याची पानं पडून तुंबलेली मोरी पण तुझीच. बाबांना विचारलंस का, का गृहीत धरलंस? विचार. आणि ते हो म्हणाले तरी आईला विचार.

पाच लाख रोखीचं एका ओळीत सांगते, देऊ नको. जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याच्या वर रोख घेणं कायद्यानं बंद आहे, रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो, आणि तुझ्या बाजूनं बघितलं तर कागदावर घर 53 लाखाचं होणार, लोन त्यावर ठरणार, आणि वीस वर्षांनी विकशील तेव्हा नफा 53 पासून मोजला जाणार. म्हणजे आत्ता विकणाऱ्याचा टॅक्स वाचवायला नंतर तू टॅक्स भरायचा. सध्याच्या नियमानं दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के आहे, पाच लाखावर किती होतात ते मोज.

टॅक्सचं निघालंच आहे तर, भाड्यातनं तू भरलेली घरपट्टी वजा करून राहिलेल्याच्या तीस टक्के सरसकट सूट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या जपायची गरज नाही. लोनचं व्याज पण भाड्यातनं वजा होतं. पण नवीन रिजीममध्ये असशील तर व्याजामुळं होणारा तोटा पगारातनं वजा होत नाही, जुन्या रिजीममध्ये दोन लाखापर्यंत होतो. एजंट तुला "टॅक्स पण वाचतो साहेब" म्हणला असेल तर कुठल्या रिजीममध्ये ते तुझ्या सीएला विचार.

मग घ्यायचं का? हे घर, या भावात, या लोनवर, नको. एक सोडून. तू पत्रात लिहिलं नाहीस, पण पंधरावीस वर्षांनी तुम्ही दोघं परत इकडं राहायला येणार आहात का? त्याचं उत्तर हो असेल, अगदी मनापासनं, बायकोचं पण हो असेल, तर सगळा हिशोब बदलतो. मग ते तुझं घर आहे, तोपर्यंत कुणीतरी भाड्यानं राहून ते झाडून पुसून ठेवतंय, आणि महिन्याला 12 हजार खिशातनं गेले तरी ते स्वतःच्या घरासाठी जातायत. पण तरी लोन पंधराच्या आत आण, म्हणजे हप्ता 13 हजाराच्या आसपास बसेल आणि भाड्यात कसाबसा बसेल, त्यासाठी एक तर दोन-तीन वर्षं थांब नाहीतर लहान घर बघ. येणार नसाल, नुसतीच गुंतवणूक असेल, तर तुझ्या 34 लाखात लोन न काढता मेडिकल कॉलेजच्या बाजूला एखादा वरच्या मजल्यावरचा लहान फ्लॅट बघ, काही पैसे हातात राहू देत. जागेचा भाव वाढतो तसा फ्लॅटचा वाढत नाही हे मान्य, पण तुला पुण्यात बसून झोप लागेल. भाव करायचाच असेल या बंगल्याचा तर शेजारच्या 14 हजारावर कर, एजंटाच्या 20 हजारावर नको, आणि कागद पूर्ण असतील तरच.

टोकन अजून दिलं नसशील तर देऊ नको, "उद्या दुसरी पार्टी येतीय" म्हणेल, येऊ दे. दिलं असशील तर पावतीवर विकणाऱ्या मालकाची सही आहे का नुसती एजंटाची, आणि कागद क्लिअर नसतील तर पैसे परत असं त्यावर लिहिलंय का, ते बघ आणि मला कळव. आणि घर बघायला परत येणार असशील तर आत्ता उन्हाचं येऊ नको, चार दिवस पाऊस लागून राहिला की पाचव्या दिवशी ये. सकाळी आलास तर इस्त्रीवाला मोकळा असतो.

– काकू